कोलेस्टेरॉल तेलाच्या पिप्यात नव्हे, यकृतात

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वणी, पांढरकवडा, राळेगावच्या जिनिंगमध्ये रुई वेगळी होते आणि उरलेल्या सरकीतून तेल निघते. खाद्यतेलावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले दिसले की ग्राहक निर्धास्त होतो. पण सरकी असो, शेंगदाणा असो की सोयाबीन, वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. ते तेल सढळ हाताने वापरावे, असा या शब्दाचा अर्थ नाही. सरकीच्या तेलात सुमारे पाव भाग संपृक्त मेद असतो आणि असा मेद रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतो.

मुळात बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. त्यात यकृताचा वाटा मोठा. पेशींचे आवरण, संप्रेरके आणि पित्तासाठी ते लागतेच. एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, या निर्मितीचा वेग ठरवते. पेशीत साठा पुरेसा झाला की ते मंदावते, कमी पडला की जोमाने काम करते.

१९७३ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना या विकराला रोखणारा पदार्थ बुरशीत सापडला. त्यातूनच पुढे स्टॅटिन औषधे आली. विकर अडले की यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडते आणि त्या रक्तातले घातक एलडीएल अधिक ओढून घेतात. रक्तवाहिन्यांत थर साचणे कमी होते, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका घटतो.

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ हा हिशेब इथेच चुकतो. रिपोर्ट सुधारला तो गोळीमुळे. गोळी थांबली की विकर पुन्हा कामाला लागते आणि एलडीएल वाढते. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगावे; ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. परस्पर गोळी बंद करणे धोक्याचे.

वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्यात दोष आढळलेल्या प्रत्येकाची कोलेस्टेरॉल तपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हायला हवी. हंगामातली मजुरी बुडवून यवतमाळ गाठणे प्रत्येकाला परवडत नाही.