वळणावर ‘रेस’ सोडा म्हणे!

मैत्रिणींनो, मोटरसायकल घेऊन बाई ट्रॅकवर उतरली की तिला पहिला सल्ला मिळतो तो जपण्याचा. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, बारा वळणांच्या त्या पावणेचार किलोमीटरांवर, मलाही तो मिळाला. “मॅडम, वळणावर भीती वाटली की रेस सोडून द्या.” माझ्या शेजारच्या मुलाला मात्र त्याच शिक्षकाने विचारलं, “वळणात शिरताना नजर कुठे असते तुझी?” त्याला धडा आणि मला काळजी!

ही काळजी नुसती अपमानकारक असती तर गिळली असती. तेवढी सवय आपल्याला आहेच. पण ती पाडणारी आहे. गाडी झुकलेली असताना मूठ एकदम सोडली की वजन पुढच्या चाकावर कोसळतं, पुढचे शॉक दबतात आणि वळवण्याचं काम आधीच करत असलेल्या टायरवर आणखी भार येतो. चाक घसरतं ते इथे. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, गाडी उभी असताना. मग झुकायचं आणि झुकल्यावर मूठ अगदी थोडी थोडी, पण न थांबता उघडत बाहेर पडायचं. वजन मागच्या रुंद टायरवर जातं, गाडी शांत होते. अमेरिकेतले कीथ कोड कित्येक वर्षं हेच शिकवत आले आहेत. यात गुपित काही नाही.

भ्यालं की मूठ मिटते हे खरं. पण ती पुरुषाचीही मिटते. त्याची भीती शिकवून घालवतात, आपल्या भीतीला ‘बायकांचा स्वभाव’ म्हणतात. ताकदीचं म्हणाल, तर उजवीकडे झुकायला उजवी मूठ तळव्याने पुढे ढकलावी लागते. पाण्याचा हंडा उचलणाऱ्या बाईला हे जड जाईल?

१९६२ साली बेरिल स्वेन ही इंग्रज बाई आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ५० सीसीच्या गाडीवर एकटी धावली. असं करणारी ती पहिलीच. त्यानंतर ‘बायकांसाठी धोक्याचं’ म्हणून तिचा परवानाच काढून घेतला. पुरुष त्या रस्त्यावर मरत होते, त्यांचे परवाने शाबूत होते! २०१८ साली स्पेनच्या आना कारास्कोने पुरुषांबरोबर धावून सुपरस्पोर्ट ३०० चं जगज्जेतेपद मिळवलं. २०२४ पासून बायकांची वेगळी जागतिक स्पर्धा निघाली, तीही पहिल्या वर्षी तिनेच जिंकली. (वेगळी पंगत मांडण्याबद्दल मला शंका आहे, पण तो वाद पुन्हा कधी.)

दुपारच्या फेरीत मी सल्ला ऐकला नाही. वळणाआधी ब्रेक लावला, नजर वळणाच्या पार टाकली, मूठ मिटू दिली नाही. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. खाली उतरल्यावर तोच शिक्षक म्हणाला, “मॅडम, तुम्ही डेअरिंगबाज आहात.”

डेअरिंग नव्हे हो. नजर कुठे ठेवायची ते मी त्या शेजारच्या मुलाला विचारून घेतलं होतं.