पुराव्यावर आधारित परिचर्या : मंगळवार पेठेतील परिचारिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आरोग्याधिकारी, कोल्हापूर महानगरपालिका
मा. अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूर
मा. प्रबंधक, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई
शहरातील रुग्णालयांचे व्यवस्थापन

विषय : पुराव्यावर आधारित परिचर्या वॉर्डात आणण्यासाठी वेळ, साधने व अधिकार मिळणेबाबत.

महोदय/महोदया,

मंगळवार पेठ आणि लगतच्या भागातील दवाखान्यांत, नर्सिंग होममध्ये व सरकारी रुग्णालयात आम्ही परिचारिका व परिचारक काम करतो. पगार आणि सुरक्षिततेच्या मागण्या आम्ही वेगळ्या निवेदनात मांडत असतो. हे पत्र एकाच गोष्टीसाठी आहे. रुग्णाला हात लावताना आपण जे करतो ते तसेच का करतो, हे विचारण्याची आणि उत्तर शोधण्याची सोय आम्हाला हवी आहे.

हे पत्र का लिहावे लागले

आमच्यातील एका सिस्टरकडे खुब्याचे हाड मोडलेल्या एक आजी होत्या. सकाळी बेड करताना त्यांच्या माकडहाडावर लालसर चट्टा दिसला. सिस्टरने शिकवल्याप्रमाणे स्पिरिट लावले, पावडर टाकली आणि ती जागा चोळली. 'चोळलं की रक्त फिरतं' हे तिने पहिल्या वर्षापासून ऐकले होते. तिसऱ्या दिवशी तिथली कातडी सुटली. लाल झालेली जागा चोळू नये, त्याने दाबाखाली आधीच दुखावलेल्या पेशींना आणखी इजा होते, कूस बदलून दाब काढणे हाच खरा उपाय, हे मार्गदर्शक तत्त्वांत कित्येक वर्षे लिहिलेले आहे. त्या वॉर्डात ते कुणालाच माहीत नव्हते. सिस्टरने कामात कुचराई केली नव्हती. तिने चुकीची गोष्ट मन लावून केली होती, आणि हेच आम्हाला सलते.

आमची भूमिका

पुराव्यावर आधारित परिचर्या म्हणजे पुस्तकाकडे बघून काम करणे नव्हे. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली वैद्यकासाठी जी मांडणी केली, ती आम्हालाही लागू पडते. उपलब्ध असलेला उत्तम पुरावा, काम करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घ्यायचा. अनुभवी मेट्रनच्या नजरेला यात पूर्ण मान आहे. 'पूर्वीपासून असंच करतो' या उत्तराला मात्र नाही.

ही वाट आमच्याच व्यवसायाची आहे. १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून दाखवून दिले की जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या आजारांनी अधिक माणसे दगावली. आजही परिचारिकाच असे प्रश्न सोडवत आहेत. इंट्राकॅथ दर तीन दिवसांनी बदलायचीच का? ऑस्ट्रेलियातील क्लेअर रिकर्ड या परिचारिका-संशोधकांनी ३,२८३ रुग्णांवर हे तपासले. त्यांचा अहवाल २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ठरावीक दिवशी बदलली काय किंवा गरज पडल्यावर बदलली काय, शिरेला सूज येण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्केच राहिले. म्हणजे जागा रोज नीट पाहिली तर रुग्णाला विनाकारण दुसरी सुई टोचावी लागत नाही.

शस्त्रक्रियेआधी केस काढण्याचेही तसेच. रेझरने कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगितले की केस काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपर वापरावा. तरीही कित्येक ट्रेमध्ये अजून ब्लेडच असते.

आमच्या मागण्या

१. ड्युटीतला वेळ. दरमहा किमान दोन तास वाचन व चर्चेसाठी द्यावेत, आणि ते ड्युटीतच धरावेत. नाईट उतरून आलेल्या सिस्टरला व्याख्यानाला बसवणे म्हणजे शिक्षण नव्हे. हे तास परिचर्या परिषदेने नोंदणी नूतनीकरणासाठी ग्राह्य धरावेत.

२. तारीख असलेली कार्यपद्धती. बेडसोअर, इंट्राकॅथ, लघवीची नळी आणि शस्त्रक्रियापूर्व तयारी या चार कामांची लेखी पद्धत प्रत्येक वॉर्डात लावावी. ती कशाच्या आधारे ठरली आणि पुन्हा कधी तपासायची, हे त्यावर असावे.

३. रेझर बंद, क्लिपर सुरू. महापालिकेने नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना हे तपासावे.

४. मोजणी, पण दोषारोप नको. दरमहा किती बेडसोअर झाले, किती शिरा सुजल्या, याची नोंद व्हावी. नोंदीवरून मेमो निघू लागले की आकडे लपतात, आणि मग शिकायला काहीच उरत नाही.

५. मराठीत माहिती. एएनएम व जीएनएम झालेल्या भगिनींना इंग्रजी शोधनिबंध जड जातात. वैद्यकीय महाविद्यालयाने पाठ्यनिर्देशकांच्या मदतीने दर तिमाहीला एका विषयाचे मराठी टिपण काढून शहरातील सर्व रुग्णालयांना द्यावे.

६. समितीत जागा. संसर्ग नियंत्रण व खरेदी समितीत वॉर्डात काम करणारी एक अधिपरिचारिका असावी. प्रश्न विचारला म्हणून कुणावर कारवाई होऊ नये.

७. पुरेसे हात. सहा रुग्ण अंथरुणाला खिळलेले असतील आणि दर दोन तासांनी कूस बदलायची ठरली, तर बारा तासांच्या नाईटमध्ये ३६ वेळा कूस बदलावी लागते, आणि दर वेळी दोन माणसे लागतात. वॉर्डात एकटीच सिस्टर असेल तर सर्वोत्तम पुरावाही भिंतीवरच राहतो. म्हणून नेमणुका अशा प्रत्यक्ष कामाच्या हिशेबाने व्हाव्यात.

आमची हमी

आम्ही फक्त मागत नाही. नोंदी आम्ही ठेवू, नव्या मुलींना शिकवू आणि आमची स्वतःची सवय चुकीची ठरली तर ती सोडू. सुरुवात मागणी क्रमांक २ मधील बेडसोअरच्या पद्धतीपासून करावी आणि सहा महिन्यांनी आकडे एकत्र बसून पाहावेत, अशी विनंती आहे. त्या बैठकीची तारीख कळवावी. पुढच्या आजींच्या पाठीवर लाल चट्टा दिसेल तेव्हा सिस्टरचा हात स्पिरिटच्या बाटलीकडे न जाता त्यांची कूस बदलायला जावा, एवढ्यासाठी हे सगळे आहे.

आपले विश्वासू,
मंगळवार पेठ व परिसरातील परिचारिका-परिचारकांची संघटना, कोल्हापूर
१२ मे, जागतिक परिचारिका दिन