उजळणे म्हणजे गोरे करणे नव्हे : काठीच्या होळीपासून हायलायटरपर्यंत

१/
नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत काठी नावाचे गाव आहे. येथील राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल घुमत असतो आणि शेकोट्यांच्या पिवळ्या उजेडात शेकडो सावळी शरीरे फेर धरीत असतात. त्यांच्या छातीवर, दंडांवर, पायांवर आणि चेहऱ्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते. #इतिहास #धागा

२/
आजच्या सौंदर्यप्रसाधनांच्या पेटीत हायलायटर नावाची एक चकचकीत भुकटी असते. चेहऱ्यावर प्रकाश कोठे थांबावा, हे ठरविणे एवढेच तिचे काम. हे काम नवे नाही. नवी आहे ती चूक, उजळण्याला गोरेपणा समजण्याची. महाराष्ट्राच्या इतिहासात ही चूक कशी शिरली, याचा हा मागोवा.

३/
प्रथम काठी. परंपरेनुसार काठी संस्थानची ही होळी इ.स. १२४६ पासून चालत आली आहे. हे वर्ष समाजाने जपलेले स्मरण म्हणून वाचावे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला; होळी त्याहून कितीतरी जुनी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत दहांपैकी जवळजवळ सात जण आदिवासी आहेत. हा त्यांचा सर्वांत मोठा सण.

४/
या नाचणाऱ्यांत ‘बुध्या’ उठून दिसतो. डोक्यावर बांबू व मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, अंगभर राखेची व पांढऱ्या रंगाची नक्षी. हे सारे हौसेचे सोंग नव्हे. त्यामागे नवस असतो. व्रताच्या दिवसांत खाटेवर झोपणे, अंघोळ करणे अशा गोष्टी वर्ज्य मानल्या जातात.

५/
म्हणून बुध्याच्या नक्षीला ‘आदिवासी मेकअप’ म्हणणे उथळपणाचे ठरेल. तिचा अर्थ श्रद्धेत आहे. मात्र तिचे दृश्यशास्त्र स्वतंत्रपणे पाहता येते. पांढरा ठिपका शेकोटीचा प्रकाश परत फेकतो, भोवतालची सावळी त्वचा तो शोषून घेते. दोन ठिपक्यांमधली त्वचा मोकळी राहते, म्हणूनच ठिपका चमकतो. त्वचा झाकली, तर नक्षीच संपली.

६/
हाच विचार खानदेशच्या दक्षिण वेशीवर, अजिंठ्याच्या भिंतींवरही सापडतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक काळातल्या या चित्रांत नाकाचा दांडा, खालचा ओठ, हनुवटी अशा उंच भागांवर फिकट रंगाचा हात दिलेला दिसतो. लेण्यातल्या अंधुक उजेडात सपाट भिंतीवरचा चेहरा त्यामुळे उठावदार होतो.

७/
लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणी सर्वांना ठाऊक असतो. त्याच लेण्यातील कृष्णवर्णी राजकन्येपुढेही अभ्यासकाने तितकाच वेळ थांबावे. चित्रकाराने तिचा वर्ण फिकट केलेला नाही. गडद वर्ण गडदच ठेवून तिचे सौंदर्य खुलविले आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या हाताला वर्ण आणि प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्के माहीत होते.

८/
विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छायाप्रकाश दाखविण्याच्या पद्धतीला ‘वर्तना’ म्हटले आहे. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘बिंदुज’, म्हणजे ठिपक्यांनी साधलेली वर्तना. काठीच्या नक्षीचा या ग्रंथाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. ठिपक्यांनी प्रकाश खेळविण्याची युक्ती माणसाला अनेक ठिकाणी सुचली, इतकेच.

९/
मग बिघडले कोठे? जुन्या मराठी रंगभूमीवर सफेदा आणि मुर्दाडशिंग चेहऱ्यावर चढत असे. मशालींच्या आणि कंदिलांच्या उजेडात मागच्या प्रेक्षकाला चेहरा दिसावा, ही त्यामागची गरज. मुर्दाडशिंग हे शिशाचे संयुग, म्हणजे चक्क विषारी. तरीही तो लेप नाटकापुरता होता. पडदा पडला की नट तोंड धुऊन घरी जाई.

१०/
विसाव्या शतकात लेप रंगमंचावरून घरात आला. १९१९ मध्ये मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ बाजारात आले आणि ‘स्नो-पावडर’ हा मध्यमवर्गीय टापटिपीचा भाग झाला. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. आता रंग धुऊन टाकायचा नव्हता; मूळचा वर्णच बदलायचा होता.

११/
या प्रवासात भाषाही सरकली. ‘उजळ’ म्हणजे प्रकाशमान. समई उजळते, भांडे उजळते, कुळाचे नाव उजळते. विवाहाच्या जाहिरातींत मात्र ‘उजळ वर्ण’ म्हणजे गोरा वर्ण, दुसरा अर्थच नाही. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. नाव बदलणे सोपे असते. ‘उजळ’ या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळवून देणे अवघड.

१२/
हायलायटर या गोंधळाच्या नेमक्या मधोमध उभा आहे. त्याची चमक बहुधा अभ्रकाची असते. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिला की मोत्यासारखी झाक येते. पण तेच टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा रंग म्हणूनही वापरतात. त्याचा अंश अधिक असलेली रुपेरी भुकटी सावळ्या गालावर राखाडी दिसते.

१३/
येथे काठीचा धडा कामी येतो. राख तिथेही आहे, पण सुट्या ठिपक्यांत, मुद्दाम उठून दिसण्यासाठी. फिकट भुकटी गालभर पसरली की ती त्वचेवर धुरकट पडदा बनते. म्हणून सावळ्या आणि काळ्या वर्णाला सोनेरी, तांबूस, काशासारखी छटा शोभते. गव्हाळ वर्णाला पिवळसर सोनेरी किंवा पीचची, गोऱ्या वर्णाला मोतिया. छटा त्वचेच्या जवळची हवी. चमक मात्र तिच्याहून अधिक.

१४/
जागेचा नियम अजिंठ्याचाच, म्हणजे जिथे उंचवटा तिथे प्रकाश. गालाच्या हाडाचा माथा, भुवईखालचे हाड, नाकाचा दांडा, वरच्या ओठाची कमान. गोल चेहऱ्यावर गालाच्या हाडावरून कानशिलाकडे तिरपी रेघ न्यावी. लांबट चेहऱ्यावर ती आडवी ठेवावी. कपाळाचा माथा आणि हनुवटी सोडून द्यावी. चौकोनी चेहऱ्यावर कपाळाच्या आणि हनुवटीच्या मधोमध हलका हात पुरतो.

१५/
त्वचेचा पोतही पाहावा. कोरड्या त्वचेला क्रीम किंवा द्रवरूप हायलायटर मानवतो, तेलकट त्वचेला भुकटी. तेलकट कपाळ आणि नाक स्वतःच चमकत असतात. तिथे आणखी चमक नको. मुरमांचे खड्डे किंवा सुरकुत्या असतील, तर मोठे चमकदार कण त्यांनाच उठाव देतात. तिथे बारीक कणांची, मंद झाक बरी. आणि हे सारे ज्या उजेडात वावरायचे, त्याच उजेडात तपासावे.

१६/
एक आक्षेप रास्त आहे. प्रसाधनाची निवड ही ज्याची त्याची. कोणाला फिकट दिसावेसे वाटले, तर इतिहासाने त्यात का पडावे? व्यक्तीच्या निवडीत पडूच नये. प्रश्न निवडीच्या आधीचा आहे. लग्नाच्या दिवशी नवरीला तिच्या गळ्याहून फिकट चेहरा देणे हा जिथे न विचारता पाळला जाणारा रिवाज होतो, तिथे निवड झालेलीच नसते.

१७/
त्याची किंमत सावळ्या मुली मोजतात. सातपुड्यातून शिकायला शहरात येणाऱ्या मुलीला आपला वर्ण म्हणजे दुरुस्त करायची उणीव आहे, असे फलकांवरून आणि दुकानांच्या काचांतून सुचविले जाते. तिच्याच डोंगरातल्या होळीचे छायाचित्र मात्र पर्यटनाच्या जाहिरातीत ‘रंगतदार संस्कृती’ म्हणून झळकते. एकाच वर्णाची एकीकडे शोभा आणि दुसरीकडे लाज वाटावी, ही विसंगती इतिहासप्रेमींनी तरी मुकाट्याने सोडू नये.

१८/
काठीला जाण्याचा योग आला, तर कॅमेरा काढण्याआधी परवानगी घ्यावी. समोरचा माणूस व्रतस्थ असतो. आणि पहाटे होळी पेटल्यावर क्षणभर ज्वाळांकडे पाठ करून नाचणाऱ्यांकडे पाहावे. प्रकाश ठिपक्यांवर येऊन थांबतो आणि भोवतालची सावळी त्वचा अधिकच सखोल दिसते. ‘उजळ’ या शब्दाचा जुना अर्थ तिथे आजही डोळ्यांनी वाचता येतो. (समाप्त)