दुसऱ्याचा हप्ता आणि आपले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. तिला आता ‘कर्ज पाहावे मागून’ असा तिसरा तुकडा जोडायला हवा. गेली काही वर्षे आम्ही हाच अनुभव घेतला. त्यात जे आमचे चुकले आणि जे दुसऱ्याचे चुकले, ते दोन्ही आज वाचकांपुढे ठेवतो. सांगताना संकोच वाटतो. पण आमच्या ठेचेने चार घरे शहाणी झाली तर संकोच सार्थकी लागला म्हणायचा.

पुसदला आम्ही बावीस वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. घरात आम्ही उभयता, दोन मुले आणि माय. आमच्यातला एक एसटीच्या वर्कशॉपमध्ये, दुसरी घरी शिलाई मशीनवर. पोटाला चिमटा काढून एक लहानसा प्लॉट घेतला. तो अकृषक आहे, खरेदीखत झालेले आहे, नगर परिषदेत नावाची नोंद आहे. कागद चोख म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात मोठ्या उमेदीने आठ लाखांच्या गृहकर्जासाठी एका बँकेत अर्ज केला. साहेबांनी कागद चाळले, मान डोलावली, मग संगणकात पाहिले आणि चेहरा बदलला. म्हणाले, “तुमचा सिबिल स्कोअर ५९० दाखवतो. हे होणार नाही.”

घरी आल्यावर मायला काय सांगावे ते कळेना. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आपल्या आज्याचं नाव सावकाराच्या वयीत होतं. आता हे कोनती वयी आली रे बापू?”

मायचा प्रश्न अगदी बरोबर होता. ही नवी वहीच आहे. सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली आणि २००५ साली अशा कंपन्यांसाठी संसदेने कायदा केला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत. सिबिलचे नाव तोंडात बसले आहे, इतकेच. आपण बँकेकडून, फायनान्स कंपनीकडून किंवा गटाच्या मायक्रोफायनान्सकडून कर्ज घेतो तेव्हा कोणता हप्ता वेळेवर गेला आणि कोणता चुकला, हे या वहीत चढत जाते. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. साधारण ७५० च्या वर गुण असले की बँका खुशीने दार उघडतात. मात्र अमुक इतके गुण हवेतच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. तो निर्णय ज्या त्या बँकेचा असतो.

सावकाराच्या वहीत आणि या वहीत एक मोठा फरक आहे. आज्याला सावकाराची वही वाचता येत नव्हती आणि मागायची तर हिंमतच नव्हती. ही वही आपल्याला मागता येते, वाचता येते आणि चुकली असेल तर दुरुस्त करून घेता येते. आम्हाला हे माहीत नव्हते, म्हणून आम्ही दोन महिने नुसतेच रडत बसलो.

शेवटी भाच्याने वाट दाखवली. कर्ज नाकारले तर त्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवायची असतात, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. आम्ही अर्ज देऊन ती मागितली. शिवाय चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. भाच्याने मोबाईलवरून तो काढला, दुकानात छापून आणला. रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही तो ओळीने वाचला. त्यात तीन डाग निघाले.

पहिला डाग आमचाच. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा मोठा संप झाला. आम्ही त्यात होतो, त्याचा पश्चात्ताप नाही. पण तेवढे महिने पगार नव्हता आणि मोटारसायकलचे पाच हप्ते थकले. पुढे वसुलीचा माणूस आला. एकवीस हजार निघत होते. तो म्हणाला, “बारा हजार एकरकमी द्या, प्रकरण मिटवून टाकू.” नऊ हजार वाचले म्हणून त्या दिवशी आम्ही घरात गोडधोड केले. वहीत मात्र ‘कर्ज फिटले’ अशी नोंद झालीच नाही. ‘सेटल्ड’ अशी झाली, म्हणजे पूर्ण न भरता तडजोड केली. पुढचा प्रत्येक बँकवाला तो शब्द वाचतो आणि हा गडी आपलेही बुडवील, असे धरून चालतो. तो शब्द अनेक वर्षे वहीत राहतो.

दुसरा डाग चुलतभावाचा. त्याने मालवाहू गाडी घेतली तेव्हा आम्ही जामीनदार म्हणून सही केली होती. नात्यात नाही कसे म्हणायचे? सही म्हणजे ओळख पटवणे, एवढेच आम्हाला वाटले. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भावाचे तीन हप्ते थकले होते आणि ते आमच्या नावापुढेही दिसत होते. त्याने आम्हाला सांगितले नव्हते, आम्हीही कधी विचारले नव्हते.

तिसरा डाग पाहून तर आम्ही चक्रावलो. एका मोबाईलचे कर्ज, थकलेले, आम्ही कधीच न घेतलेले! नाव तेच, वडिलांचे नाव तेच. आपल्याकडे एकेका गावात एकाच नावाची चार-चार माणसे असतात. कोणाचे तरी खाते आमच्या पॅन नंबरला चिकटले होते.

तीन डाग, आणि तिन्हींचे औषध वेगळे.

चुकीच्या नोंदीसाठी आम्ही सिबिलकडे लेखी तक्रार केली. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली काढावी लागते. त्याहून उशीर झाला तर दररोज १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आमची नोंद २६ व्या दिवशी निघाली. इथेही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

‘सेटल्ड’च्या डागासाठी त्याच कंपनीकडे गेलो आणि उरलेले नऊ हजार भरायला तयार आहोत, असे लिहून दिले. तिथला माणूस हसला. सोडून दिलेले पैसे परत भरायला कोण येते? पण पैसे भरले, पावती घेतली, ‘नो ड्यूज’ दाखला घेतला आणि वहीत ‘क्लोज्ड’ अशी नोंद करून घेतली. संपाच्या काळातले चुकलेले हप्ते त्यात दिसायचे ते दिसतातच. ते खरे होते, ते पुसता येत नाहीत. खरी नोंद पुसून देतो म्हणणारे एजंट पुसदमध्येही भेटले. एकाने पाच हजार मागितले होते. अशा माणसाला पाच पैसे देऊ नका. खोटी नोंद आपली आपल्याला फुकट काढता येते आणि खरी नोंद कोणालाच काढता येत नाही.

सर्वांत अवघड काम चुलतभावाचे होते. त्याच्याकडे गेलो तर तो म्हणाला, “घर बांधायच्या आधी भावाचा हिशोब मांडाले आले का?” दोन महिने घरात अबोला होता. मायने मध्ये पडून समजावले. सोयाबीन विकल्यावर त्याने थकबाकी भरली आणि स्वतः पावती आणून दिली. आता दर तीन महिन्यांनी आम्ही त्याचे खाते त्याच्याच मोबाईलवर बघतो. त्याला वाईट वाटत नाही. हे सही करायच्या दिवशीच ठरवले असते तर अबोला टळला असता.

या काळात मोह कमी झाले नाहीत. एक खासगी फायनान्स कंपनी कमी गुणांवरही कर्ज द्यायला तयार होती. व्याज मात्र १४ टक्के. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आठ लाख, वीस वर्षे. ९ टक्क्यांनी महिना हप्ता ७,१९८ रुपये. १४ टक्क्यांनी ९,९४८ रुपये. महिन्याला २,७५० चा फरक आणि वीस वर्षांत ६ लाख ६० हजारांचा! त्या पैशात दुसरा मजला उभा राहील. आम्ही थांबायचे ठरवले. ज्यांना थांबणे शक्यच नाही, त्यांनी बदलत्या व्याजदराचे कर्ज घ्यावे आणि गुण सुधारल्यावर ते स्वस्त बँकेत हलवावे. घरासाठी वैयक्तिक नावावर घेतलेले असे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही.

थांबलो, पण स्वस्थ बसलो नाही. वीस हजारांची मुदत ठेव ठेवली, तिच्यावर लहान कर्ज घेतले आणि त्याचे हप्ते पगाराच्या दुसऱ्याच दिवशी भरले. वहीत चांगल्या ओळी वाढत गेल्या.

भगिनींनाही एक सांगायचे आहे. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाची नोंद तुमच्या स्वतःच्या नावावर चढते. शेजारणीसाठी आपल्या नावावर उचलून दिलेले कर्ज वहीत तुमचेच असते. ज्यांनी आजवर कधीच कर्ज घेतले नाही त्यांना गुणच नसतात. पण केवळ जुनी नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. हे सांगून पुन्हा विचारा.

घरासाठी कर्जाआधी अनुदानाचीही चौकशी करावी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. ते अनुदान आहे, कर्ज नव्हे. शहरात नगर परिषदेत आणि खेड्यात पंचायत समितीत विचारावे. आमचे उत्पन्न तिच्या मर्यादेत बसले नाही. सप्टेंबर २०२४ पासून शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला गृहकर्जावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकते.

सव्वा वर्षाने आमचे गुण ७२४ झाले. पुन्हा अर्ज केला, या वेळी उभयतांच्या नावे. आठ लाख मागितले, साडेसहा मंजूर झाले. तेवढ्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बसवले. स्लॅब टाकून झाला आहे, आतले प्लास्टर बाकी आहे, फरशी पुढच्या वर्षी. पण छत आमचे आहे.

परवा हप्त्याच्या तारखेला मायने विचारले, “भरला का रे? वयीत लिवलं का त्यायनं?” आम्ही मोबाईलवरचा संदेश वाचून दाखवला. तिने तो दुसऱ्यांदा वाचायला लावला.

वाचकहो, आपापल्या घरची वही या महिन्यात एकदा मागवा आणि घरातल्या सर्वांनी बसून वाचा. कर्ज हवे असो वा नसो.