"अमेरिका पूर्वी अशी नव्हती" म्हणणाऱ्यांसाठी

"अमेरिका पूर्वी अशी नव्हती हो, या एका माणसाने बिघडवली." ग्रीनलंड, पनामा कालवा, टॅरिफ, काहीही निघालं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक सुशिक्षित, रोज पेपर वाचणारे लोक असतात. मला या वाक्याचा राग येतो. का येतो ते जरा विस्ताराने लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

२० जानेवारी २०२५. शपथ घेतल्यावरच्या भाषणात ट्रम्प यांनी पनामा कालवा परत घेण्याची भाषा केली. त्याच भाषणात विल्यम मॅकिन्ली नावाच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षाचं तोंडभरून कौतुक केलं. आणि त्याच दिवशी अलास्कातल्या देनाली शिखराला पुन्हा मॅकिन्लीचं नाव देण्याचा आदेश काढला. कोण हा मॅकिन्ली? तर टॅरिफचा कट्टर पुरस्कर्ता, आणि ज्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९७ ते १९०१ मध्ये, अमेरिकेने हवाई, पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स घशात घातले तो. ट्रम्प यांना आपला पूर्वज बरोबर सापडला आहे. विस्मरण झालंय ते आपल्याला.

आपण शिकलो त्या इतिहासात अमेरिका म्हणजे बोस्टनचा चहा, वॉशिंग्टन, लिंकन आणि मग थेट पर्ल हार्बर. पण हे पर्ल हार्बर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साडेतीन-चार हजार किलोमीटर दूर, भर समुद्रात. तिथे अमेरिकेचा आरमारी तळ आला कुठून, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला का? मी तरी नाही विचारला.

तर त्याची गोष्ट अशी. हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. राजघराणं, संविधान, इतर देशांशी तह, सगळं रीतसर. १८७५ च्या करारानुसार हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जायची, आणि उसाचे मळे प्रामुख्याने गोऱ्या, बऱ्याचशा अमेरिकी वंशाच्या मालकांच्या हातात. १८९० साली अमेरिकेत नवा जकात कायदा आला. त्याचं नावच मॅकिन्ली टॅरिफ, कारण तेव्हा खासदार असलेल्या याच गृहस्थांनी तो आणला होता. कच्च्या साखरेवरची जकात सगळ्यांसाठीच उठली, वर अमेरिकेतल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट बक्षिसी. हवाईच्या मळेवाल्यांचा फायदा एका फटक्यात गेला. मग हवाईच अमेरिकेत घातलं तर? जानेवारी १८९३ मध्ये काही गोऱ्या पुढाऱ्यांनी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं. अमेरिकेच्या वकिलाच्या सांगण्यावरून 'बोस्टन' जहाजावरचे १६२ नौसैनिक राजधानीत उतरले होते. रक्तपात नको म्हणून राणीने निषेध नोंदवून सत्ता सोडली.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी चौकशी केली, हा अन्याय आहे असं काँग्रेसला लेखी कळवलं आणि विलीनीकरणाला नकार दिला. १८९७ मध्ये मॅकिन्ली आले, पुन्हा तह पुढे सरकला. हवाईच्या मूळ रहिवाशांनी विरोधाच्या अर्जावर २१ हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. त्यांची एकूण लोकसंख्याच ४० हजारांच्या आसपास! तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं मिळेनात. मग काय केलं? तह बाजूला ठेवला आणि जुलै १८९८ मध्ये साध्या बहुमताने ठराव करून टाकला. आपल्या भाषेत याला संस्थान खालसा करणं म्हणतात. डलहौसीने केलं की खालसा, आणि अमेरिकेने केलं की 'सामील झाले'?

१९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या बंडातल्या आपल्या सहभागाबद्दल अधिकृत माफी मागितली. जमीन काही परत दिली नाही.

आता १८९८ चं युद्ध. क्युबाचे लोक स्पेनविरुद्ध लढत होते. फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं मेली. स्पेनने केलं याचा पुरावा नव्हता, पण वर्तमानपत्रांनी रान उठवलं. एप्रिलमध्ये युद्ध. क्युबा आम्ही गिळणार नाही, असं काँग्रेसने आधीच लिहून दिलं होतं, आणि तो शब्द पाळलाही. फक्त १९०१ मध्ये क्युबाच्या संविधानात 'प्लॅट दुरुस्ती' घालायला लावली: अमेरिकेला वाटेल तेव्हा हस्तक्षेपाचा हक्क, परदेशांशी तह करण्यावर बंधनं, आणि आरमारी तळासाठी जागा. हे मान्य करा, तरच फौज निघेल. वसईचा तह वाचलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तैनाती फौजच ही. त्यातलाच ग्वांतानामोचा तळ आजही अमेरिकेकडे आहे. वर्षाला सुमारे चार हजार डॉलर भाड्याचा चेक पाठवतात, क्युबाचं सरकार तो वटवत नाही.

पण खरा कस लागतो तो फिलिपिन्समध्ये. तिथलेही लोक स्पेनविरुद्ध लढतच होते. १ मे १८९८ ला मनिलाच्या उपसागरात अमेरिकी आरमाराने स्पेनचं आरमार बुडवलं. १२ जूनला फिलिपिनो नेते अ‍ॅग्विनाल्डो यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. मनिला शहराला जमिनीवरून वेढा फिलिपिनो फौजेने घातला होता. ऑगस्टमध्ये स्पॅनिश आणि अमेरिकी सेनापतींनी आतून ठरवून एक लुटुपुटूची लढाई केली. स्पेनने हार मानायची, अमेरिकेने शहर ताब्यात घ्यायचं, आणि वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैनिकांना आत येऊ द्यायचं नाही. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणाऱ्या दोन गोऱ्या सत्ता या एका मुद्द्यावर लगेच एकमत झाल्या.

डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला. स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजले. ज्यांचा देश विकला जात होता त्यांचा वकील पॅरिसला आला होता, त्याला खोलीतसुद्धा घेतलं नाही. त्यानंतर दहाबारा दिवसांतच मॅकिन्लींनी जाहीरनामा काढला. धोरणाचं नाव काय, तर 'परोपकारी सामीलीकरण'!

फेब्रुवारी १८९९ मध्ये परोपकाराला सुरुवात झाली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाचेच आकडे देतो, म्हणजे डाव्यांचा प्रचार म्हणायला नको: ४,२०० हून जास्त अमेरिकी, २० हजारांहून जास्त फिलिपिनो सैनिक, आणि हिंसा, उपासमार व रोगराईने मेलेले नागरिक जवळपास २ लाखांपर्यंत. कैद्यांच्या तोंडात जबरदस्तीने पाणी ओतून पोट फुगवायचं आणि माहिती काढायची, हा छळाचा प्रकार इतका सर्रास होता की सिनेटच्या समितीपुढे त्याच्या साक्षी झाल्या. सप्टेंबर १९०१ मध्ये बलंगिगा गावात ४८ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यावर जनरल स्मिथने सामार बेट ओसाड करण्याचा हुकूम दिला. मारायचं कुणाला? शस्त्र उचलू शकेल असा प्रत्येकजण. वयाची मर्यादा काय, असं हाताखालच्या अधिकाऱ्याने विचारलं. उत्तर मिळालं: दहा वर्षं.

दहा. आपल्याकडे चौथी-पाचवीतलं पोर.

स्मिथवर लष्करी खटला झाला. शिक्षा: समज. नंतर रूझवेल्टने त्याला निवृत्त केलं.

अजून एक सांगतो. क्युबात स्पेनच्या सेनापतीने गावकऱ्यांना उचलून छावण्यांत कोंडलं, माणसं उपाशी मेली, म्हणून अमेरिकी पेपरांनी स्पेनला राक्षस ठरवलं होतं. युद्धाचं एक कारणच ते. तीन-साडेतीन वर्षांनी बातांगास प्रांतात अमेरिकी सेनापतीने तेच केलं. गावकरी ठरवलेल्या हद्दीत कोंडायचे, हद्दीबाहेरचं धान्य जाळायचं.

आता मुख्य मुद्दा. जमीन तर घेतली. मग तिथल्या माणसांचं काय करायचं? अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणतो लोकांच्या संमतीने राज्य, संविधान म्हणतं सगळ्यांना समान कायदा. मग पोर्तो रिकोचे लोक नागरिक झाले की नाही?

उत्तर संत्र्यांवरून मिळालं. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला संत्री आली, त्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात लावली. व्यापारी कोर्टात गेला: पोर्तो रिको अमेरिकेत आहे ना, मग देशातल्या देशात जकात कसली? १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की पोर्तो रिको अमेरिकेचं आहे, पण संविधानाच्या या कलमापुरतं अमेरिकेत नाही. मालकी आमची, हक्क मात्र काँग्रेस देईल तेवढेच. निकाल जाहीर करणारे न्यायमूर्ती ब्राउन. काळ्यांना रेल्वेत वेगळा डबा हे घटनात्मक ठरवणारा १८९६ चा निकालही यांच्याच हातचा. घरात काळ्यांना वेगळा डबा, समुद्रापार वेगळं संविधान. डोकं एकच.

"शंभर वर्षांपूर्वीचं उगाळून काय मिळणार?" असं विचाराल. थांबा. त्या मालिकेतले निकाल आजही रद्द झालेले नाहीत. पोर्तो रिकोच्या सुमारे ३२ लाख लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे, पण तिथे राहून ते राष्ट्राध्यक्षाला मत देऊ शकत नाहीत. काँग्रेसमध्ये त्यांचा एक प्रतिनिधी, त्याला अंतिम मतदानाचा हक्क नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांना तर आजही जन्माने पूर्ण नागरिकत्व मिळत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गरीब वृद्ध-अपंगांना केंद्राकडून मिळणारी एक मदत पोर्तो रिकोत राहणाऱ्यांना नाकारली तरी घटनेला बाध येत नाही. तोच माणूस फ्लोरिडात राहायला गेला की पात्र, आईबापांकडे परत आला की अपात्र. त्या वेळी न्यायमूर्ती गोर्सच यांनी, म्हणजे ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायमूर्तींनी, हे जुने निकाल वंशवादी गृहीतकांवर उभे आहेत, ते मोडीत काढा असं लिहिलं. अजून काढलेले नाहीत.

आणि पनामा? १९०३ मध्ये कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा करार नाकारला. नोव्हेंबरमध्ये पनामात बंड झालं, अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर हजर, तीन दिवसांत नव्या देशाला मान्यता, पंधरवड्यात करार. पनामाच्या वतीने सही करणारा गृहस्थ फ्रेंच होता! तो कालवा १९९९ अखेर पनामाला पूर्णपणे मिळाला, आणि पंचवीस वर्षांत 'परत घेऊ' सुरू झालं.

आता नेहमीचे दोन आक्षेप.

पहिला: "पण शाळा काढल्या, रस्ते बांधले, रोगराई आटोक्यात आणली." काढल्या की. १९०१ मध्ये पाचशेहून जास्त अमेरिकी शिक्षक एका जहाजातून मनिलाला आले, त्यातले कितीतरी मनापासून शिकवणारे असतील. पण हेच वाक्य इंग्रजांबद्दल कुणी बोललं, "रेल्वे आणली, कायदा आणला", तर आपण अंगावर जातो ना? मग मनिलाला मोजायची फूटपट्टी वेगळी का?

दुसरा: "शेवटी स्वातंत्र्य दिलंच की." दिलं, ४ जुलै १९४६ ला. सोबत एक व्यापार कायदा: फिलिपिन्सची जमीन आणि खाणी वापरायला अमेरिकनांना तिथल्या नागरिकांइतकाच हक्क, त्यासाठी आपलं संविधान बदला. युद्धात बेचिराख झालेल्या देशाला नुकसानभरपाईची मोठी रक्कम हे मान्य केल्यावरच. पुढच्या वर्षी लष्करी तळ ९९ वर्षांच्या कराराने. ते तळ १९९२ पर्यंत होते.

गंमत म्हणजे या वादाची दोन्ही टोकं मुंबईला येऊन गेली आहेत. 'गोऱ्या माणसाचं ओझं' ही किपलिंगची कविता आपण इंग्रजांच्या राज्यावरची समजतो. ती १८९९ ची, अमेरिकेने फिलिपिन्स घ्यावं म्हणून लिहिलेली, आणि उपशीर्षकात तसं स्पष्ट नाव आहे. किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे.च्या आवारात. आणि १८९६ च्या जानेवारीत मुंबईत व्याख्यानं देऊन गेलेला मार्क ट्वेन पुढे अमेरिकेतल्या साम्राज्यवादविरोधी लीगचा उपाध्यक्ष झाला, फिलिपिन्सच्या प्रश्नावर आपल्याच सरकारला झोडपत राहिला. त्या लीगमध्ये कोट्यधीश कार्नेगीही होता. म्हणजे 'त्या काळी सगळे असेच विचार करत' हाही बचाव चालत नाही. सांगणारे तेव्हाही सांगत होते, घरातूनच.

मी अमेरिकाद्वेष्टा नाही. माझा सख्खा भाचा न्यू जर्सीत आहे, सुखात आहे, त्याच्या मुलांनी तिथेच शिकावं असं मलाही वाटतं. पण आपली मुलं तिथे आहेत म्हणून त्या देशाचा इतिहास धुऊन घ्यायचा कंत्राट आपण घेतलेलं नाही. आणि हे भाबडेपण आपल्यालाच महागात पडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा "मित्र असून असं कसं केलं?" म्हणून आपण हबकलो. हवाईच्या राणीने १८९० चं टॅरिफ पाहिलं होतं. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

ट्रम्प जातील. पोर्तो रिकोचा माणूस पुढच्या निवडणुकीतही मतदान न करता घरी बसलेला असेल, मग अध्यक्ष रिपब्लिकन येवो की डेमोक्रॅट. "अमेरिका पूर्वी अशी नव्हती" हे वाक्य एकदा त्याला म्हणून बघा.

कमेंटमध्ये विरोध जरूर करा, सगळं वाचेन. फक्त "मग चीन काय करतो" एवढंच लिहू नका. चीनवर वेगळी पोस्ट लिहीन, तीही एवढीच मोठी.