नवतपा आणि लाल माती
चंद्रपुरात नवतपा लागतो त्याच सुमारास पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन सुरू होते आणि इथल्या टेनिसवेड्याची रात्रपाळी लागते. पारा ४५ अंशांच्या पुढे, रात्रीही भिंती तापलेल्या. कूलरमध्ये बादल्यांनी पाणी ओतायचे आणि टीव्हीसमोर बसायचे. ३१ मे २०२२ची नदाल-जोकोविच उपांत्यपूर्व लढत आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाली आणि पहाटे पावणेपाचला संपली. नदाल जिंकला, आणि पुढे त्या वर्षी त्याने तिथले चौदावे विजेतेपदही घेतले. लाल मातीवर चेंडू उंच उसळतो, त्याचा वेग मंदावतो, एकेक गुण घाम गाळून मिळवावा लागतो. मला ही स्पर्धा विम्बल्डनहून मोठी वाटते ती या कष्टांमुळेच. गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीकडे, वादळात वीज गेली की रेंज सापडेल तिथे उभे राहून मोबाइलवर नुसते आकडे वाचायचे, आणि तेही लोक वाचतात! ८ जून २०२५, मृग नुकताच लागलेला आणि अल्काराझ-सिनर अंतिम लढत. अल्काराझ दोन सेटने मागे, चौथ्यात ३-५, स्वतःच्या सर्व्हिसवर ०-४०. सिनरला तीनपैकी एकच गुण हवा होता. अल्काराझने तिन्ही वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी, मध्यरात्रीनंतर, करंडक जिंकला. त्या रात्री ज्यांची वीज गेली होती, त्यांनी तो चौथा सेट शोधून जरूर पाहावा, अगदी पहिल्या गेमपासून.