फेब्रुवारीतला डोंगर

मागच्या विकांताला हापिसातल्या ग्रुपवर पुन्हा तसलाच एक फोटो येऊन पडला. हिरवागार डोंगर, त्यात पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले प्लॉट, खाली धरणाचं पाणी, आणि वर लिहिलेलं : 'निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर'. लगेच तीन जणांनी अंगठे वर केले. मी गप्प बसलो, कारण ग्रुपवर वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

(आधीच सांगून टाकतो, मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पोटासाठी कोड लिहितो. पण याच मातीत माझे पैसे बुडालेत, त्यामुळे तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.)

माझं म्हणणं थोडक्यात असं : चिकणमातीचा डोंगर कापून केलेला प्लॉट आज उभा आहे, हा तो सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. आणि साधे चार प्रश्न न विचारता तिथे घर बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना, उद्या दरड आली की 'निसर्गाचा कोप' म्हणायचा काडीचाही अधिकार नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र मुळशीच्या बाजूला प्लॉट बघायला गेलो. पाच गुंठे, एन.ए., डोंगर दहा फूट उभा कापलेला, त्याला टेकून काळ्या दगडाची देखणी रिटेनिंग वॉल. लाल माती, गार वारा, एजंटने आणलेला चहा. एजंट म्हणाला, "सर, पत्थर आहे हा पत्थर. बघा कुदळ मारून." मारली. खरंच उसळली. त्याच दिवशी टोकन देऊन आलो. एवढे इंजिनियर, पण पाणी कुठे जातं हे एकानेही विचारलं नाही.

तो पत्थर नव्हता, सुकलेली चिकणमाती होती. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो ऊन-पावसाने कुजत जातो. खाली अखंड खडक, त्यावर मुरूम, त्यावर माती. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा लहान, आणि पत्र्यासारखा चपटा. जिथे निचरा कमी तिथे मॉन्टमोरिलोनाइट तयार होतं, आपल्या काळ्या मातीतलं. पाणी प्यालं की फुगतं, सुकलं की भेगाळतं. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधे कणांचं एकूण क्षेत्रफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. म्हणजे सात गुंठे! मी आयुष्याची बचत ओतून पाच गुंठे घेत होतो, आणि चिमूटभर मातीत त्याहून जास्त एरिया होता :)

घाटमाथ्याकडे धो धो पाऊस सिलिका धुऊन नेतो आणि मागे केओलिनाइट आणि लोहाची लाल माती उरते. ही फारशी फुगत नाही, म्हणून तिला सगळे सज्जन समजतात. पण उतारावर प्रश्न फक्त फुगण्याचा नसतो. वरून झिरपलेलं पाणी खाली कठीण खडकावर येऊन अडतं, आणि माती-खडकाच्या त्या सांध्यावर दाब वाढत जातो. वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

लहानपणी दिवाळीचा किल्ला केला असेल तर पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कोरडी माती ढासळते. ओलसर करून थापली की उभा कडा राहतो. आणि शेजारच्या पोराने बादलीभर पाणी ओतलं की मावळ्यांसकट सगळं खाली. ओलसर मातीत पोकळ्यांमधलं थोडं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. पोकळ्या पूर्ण भरल्या की ही ओढ संपते, उलट तेच पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं. कार्ल टर्झागीने १९२० च्या दशकात हे नीट मांडलं. कणांमधल्या घर्षणाला वरचं सगळं वजन कामी येत नाही. त्यातून पाण्याचा दाब वजा करून जे उरतं तेवढंच कामी येतं. फेब्रुवारीत वजा करायला जवळजवळ काही नसतं. जुलैत असतं. आणि साइट व्हिजिट नेहमी फेब्रुवारीत!

आता आपल्या धंद्याच्या भाषेत. कोड टेस्टिंगला चालतो, डेमोला चालतो, आणि पहिल्या मोठ्या लोडला झोपतो. तेव्हा आपण 'युजरचा कोप' म्हणतो का? चूक शोधतो. डोंगराची चूक शोधणं अवघड, कारण ती उशिरा दिसते. चिकणमाती कापली की तिच्यावरचं ओझं कमी होतं, मग ती हळूहळू पाणी ओढून घेत सैल होते. लंडनच्या परिसरात रेल्वेसाठी चिकणमातीत कापलेले काही उतार कित्येक दशकं उभे राहून मग घसरले. स्केम्प्टनने १९६४ च्या रँकिन व्याख्यानात त्याचाच हिशेब मांडला. त्यांची माती समुद्राच्या गाळाची, आपली बेसाल्टची, त्यामुळे सरसकट तुलना नको. पण उशीर इथेही आहे. झाडं तोडली की मुळं काही वर्षांनी कुजतात, म्हणजे माती बांधून ठेवणारे दोर आज नाही तर चार पावसाळ्यांनी तुटतात. तोवर प्लॉट विकून झालेले असतात.

"पण भिंत आहे ना!" भिंत असते, पण तिच्यातून पाणी निघायची भोकं आहेत का, आणि भिंतीमागे खडी भरली आहे की उकरलेली तीच माती? दहा फुटी भिंतीमागे पाणी तुंबलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा रेटा साधारण साडेचार टन होतो. मातीचा वेगळाच. आमच्या त्या देखण्या भिंतीला एकही भोक नव्हतं.

हे मला कळलं ऑगस्टमधे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. टीव्हीवर ती लाल माती बघताना मला माझी कुदळ आठवली. पुढच्याच शनिवारी एकटा प्लॉटवर गेलो. भिंतीला मधोमध पोट आलेलं. वर गवतात डोंगराला आडवी एक चीर, हात सहज जाईल एवढी. खालच्या वाडीतले एक म्हातारे मामा गुरं घेऊन उभे होते. म्हणाले, "दादा, ही चीर गेल्या पावसाळ्यात नव्हती. आन् आमच्या झऱ्याला आता गढूळ पाणी येतंय." मग जरा थांबून, "तुमी शनिवार-रविवार येणार. आमी रोज खालीच निजतो."

प्लॉट कापताना निघालेली सगळी माती त्यांच्या वाडीच्या वरच्या अंगाला ढकलून दिली होती. मी टोकन सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत. असो. पण त्या मामांना सोडायला काहीच नव्हतं.

आता नेहमीचा आक्षेप. "इर्शाळवाडीला कुठे कुणी सेकंड होम बांधलं होतं? पाऊसच तसा झाला." अगदी बरोबर. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गाडलं गेलं, ऐंशीच्या वर माणसं गेली, तेव्हा महाबळेश्वरला २४ तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गेलं, दीडशेहून जास्त माणसांसह. एसटी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गावच दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्यांना कळलं. तिथे मशिनने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं, त्यावर वादही झाले. डोंगर माणसाने हात न लावताही कोसळतात, मान्य. पण मग हा आक्षेप माझ्याच बाजूचा झाला. जो उतार कुणी न छेडता काठावर उभा आहे, त्याचा पायथा कापायचा आणि डोक्यावर स्विमिंग पूल ठेवायचा? दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. म्हणजे यादीत नाव नसणं हाही पुरावा नाही.

आणि एक फरक विसरू नका. इर्शाळवाडीतले ठाकर, माळीणमधले महादेव कोळी डोंगरावर राहत होते कारण त्यांचं जगणं तिथे होतं. आपण जातो ते बार्बेक्यूसाठी.

नियम नाहीत असंही नाही. १:५ पेक्षा जास्त चढाच्या डोंगरउतारावर बांधकाम नको, असं आपले विकास नियमच सांगतात. १:५ म्हणजे जेमतेम ११ अंश. पुढच्या वेळी फोनवर अंश मोजून बघा, आणि मग ब्रोशरमधला 'पॅनोरामिक व्ह्यू' किती अंशांचा आहे तेही बघा.

तरीही घ्यायचाच असेल तर निदान एवढं करा. फेब्रुवारीत नको, ऑगस्टमधे जा. मूठभर माती ओली करून अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढा. दोन इंचांहून लांब निघाली तर ती चांगलीच चिकण आहे. बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर काय समजायचं ते समजा. वाकलेली झाडं, कलते खांब, आडव्या चिरा शोधा. भिंतीची भोकं मोजा. आणि उतरून खालच्या वाडीत जा, तिथे विचारा. एजंटला विचारू नका.

आमच्या चौघांपैकी एकाने प्लॉट ठेवला, घरही बांधलं. दर पावसाळा संपला की तो मला भिंतीचा फोटो पाठवतो : "बघ, उभी आहे!" मी त्याला काही लिहीत नाही. मुसळधार पावसाच्या रात्री मामांना मात्र फोन लावतो आणि विचारतो, चीर केवढी झाली. ते प्रत्येक वेळी सांगतात. आजवर ती कमी झाल्याचं एकदाही म्हणाले नाहीत.